घंटी न्यायला चौघं

नळवाल्या काकांच्या कपाटात दुसऱ्या क्लबाची घंटी नऊ महिने पडून होती, आणि ती न्यायला कोणी येत नव्हतं.

ती चोरली होती खुद्द काकांनीच. चोरलेली वस्तू मालकाने येऊन घेऊन जावी म्हणून चोराने वाटेकडे डोळे लावून बसावं, हा प्रकार जगात दुसरीकडे कुठे होत असेल असं वाटत नाही. पण या दोन क्लबांचं सगळंच निराळं. नदीच्या अलीकडे एक सेवा क्लब, पलीकडे एक, आणि मध्ये पूल. अलीकडचा क्लब चाकाच्या खुर्च्या, कुबड्या, वॉकर जमवून गरजवंतांना वापरायला देई. पलीकडचा क्लब लोकांचे जुने चष्मे गोळा करी, धुऊन-पुसून, नंबर तपासून ज्याला लागेल त्याच्या नाकावर बसवी. दोन्हीकडे टेबलावर एकेक पितळी घंटी, लाकडी मुठीची. ती वाजली की सभा सुरू, पुन्हा वाजली की संपली.

वर्षातून एकदा हे त्यांच्याकडे जेवायला जात, एकदा ते यांच्याकडे येत, आणि निघताना यजमानांची घंटी लंपास करायची, ही त्यांची मैत्री. ज्यांची घंटी गेली त्यांनी ती परत येईपर्यंत चमच्याने ग्लास वाजवून सभा सुरू करायची, आणि चार सभासदांनी मिळून ती न्यायला यायचं. चारच का? तर साठ वर्षांपूर्वी पहिल्यांदा न्यायला आले तेव्हा मोटारीत चारच माणसं मावली होती, म्हणून. नियम असेच होतात, अर्थ लोक मागाहून शोधतात. चौघं आले की चोरांनी त्यांना पोटभर जेवू घालायचं, त्यांनी चोरांची भांडी घासायची. मग अध्यक्षांनी विचारायचं, "चोर कोण?" चोराने उभं राहायचं आणि पाहुण्यांतलं जे सगळ्यात वडील माणूस असेल त्याच्या हाती घंटी द्यायची. चौघांनी घंटीच्या वहीत सह्या करायच्या, आणि घंटी आपल्या जागेवर बसेपर्यंत चौघांनी एकमेकांची साथ सोडायची नाही.

एक गोष्ट मात्र कधीच करायची नव्हती. चोराने आपणहून घंटी परत पाठवायची नाही. फार पूर्वी कोणा शहाण्याने ती पार्सलने पाठवली होती. 'तुम्ही नाही आलात तरी चालेल' असा त्याचा अर्थ लागला, आणि दोन्ही क्लब सहा वर्षं एकमेकांशी बोलले नव्हते.

काका हे अलीकडचे ठरलेले चोर. एकेचाळीस वर्षांत अकरा वेळा त्यांनी हात मारला होता. त्यांची युक्ती साधी. नळ बसवताना आट्यांना गुंडाळतात ती पांढरी पातळ टेप त्यांच्या कोटाच्या खिशात कायम असे. घंटीच्या लोलकाला तिचे चार वेढे दिले की घंटीची वाचा बंद. पलीकडून न्यायला येणाऱ्यांत दर वेळी एक माणूस ठरलेला, पोस्टमास्तर. आता तेही निवृत्त, पण टपालाच्या शिक्क्यासारखं ते नाव त्यांच्यावर उमटलं ते उमटलंच. पहिल्या चोरीच्या वेळी पोस्टमास्तर भांडी घासत होते आणि शेजारी उभे राहून काका ती पुसत होते. तिथे जी ओळख झाली तिचं वय आता एकेचाळीस. पोस्टमास्तर त्यांना 'चोरा' म्हणत, आणि काकांना दुसऱ्या कुठल्याही हाकेपेक्षा ती हाक आवडे.

आजवर घंटी जास्तीत जास्त पाच आठवडे राहिली होती. या खेपेला नऊ महिने झाले. काका दर महिन्याला फोन करत. पोस्टमास्तर म्हणत, "येतो रे चोरा, लोकांच्या वेळा जुळत नाहीयेत." मग गुडघ्यांच्या चार गोष्टी आणि फोन ठेवला. पोस्टमास्तर ताकास तूर लागू देत नव्हते.

काकांच्या मनाला एकच गोष्ट खात होती. ज्या दिवशी घंटी चोरली त्याच दिवशी जेवताना त्यांनी भाषणात एक विनोद केला होता. "पलीकडच्या क्लबाचं मला कौतुक वाटतं. माणसांपेक्षा खुर्च्या जास्त, त्यामुळे कोणाला उभं राहावं लागत नाही!" सगळे हसले होते. पोस्टमास्तरही हसले, पण जरा उशिरा. तो उशीर काकांना नऊ महिने छळत होता.

"उचलली जीभ लावली टाळ्याला," काकू म्हणाल्या. त्या इस्त्री करत होत्या. "अख्ख्या गावाचे गळके नळ बंद केलेत, घरचा तेवढा राहिला."

"अगं, गंमत होती ती."

"त्यांना ती लागली असेल तर ती गंमत तुमची, त्यांची नाही. जाऊन विचारा ना सरळ."

"चोराने जायचं नसतं."

"घंटी घेऊन जायचं नसतं. तोंड घेऊन जायला कोणी मनाई केलीय?"

काकू क्लबात नव्हत्या. एकेचाळीस वर्षं काका सभासदत्वाचा फॉर्म आणत आणि त्या तो कपाटाच्या कप्प्यात खाली अंथरायला वापरत. "मीही क्लबात आले तर तुमची तक्रार घरी कोणाकडे करू?" असं त्यांचं म्हणणं. पण चाकाच्या खुर्च्यांच्या फाटलेल्या बैठका कोण शिवतं, हे सगळ्या क्लबाला ठाऊक होतं.

त्या आठवड्याच्या सभेत विषय निघालाच. अध्यक्ष होत्या दातांच्या डॉक्टरबाई, चाळिशीच्या, कामाला वाघ. पण क्लबात येऊन त्यांना जेमतेम तीन वर्षं झाली होती. त्या म्हणाल्या, "काका, त्यांना जमत नसेल तर कुरिअरने पाठवून देऊ ना. उगाच कपाटात कशाला?"

काकांच्या शेजारी तीस वर्षं बसणारे बेकरीवाले हातातला चहा तसाच धरून छताकडे बघू लागले. काका उठून उभे राहिले, त्यांचा आवाज चढला. "कुरिअर? अहो, त्यापेक्षा मरा म्हणून पत्र पाठवा! त्याला निदान तिकीट तरी लावता येईल!" मग त्यांच्या लक्षात आलं की आपण डॉक्टरबाईंवर ओरडतोय आणि त्यांना यातलं काही माहीतच नाही. ते खाली बसले. "माफ करा. मी बघून येतो. घंटी न घेता."

पलीकडच्यांची सभा गुरुवारी पाचला असे, वाचनालयाच्या मागच्या खोलीत. काका बसने पूल ओलांडून गेले. वाटेत त्यांनी माफीची तीन वाक्यं पाठ केली होती. दाराला काच होती. आत बघितलं आणि ती तिन्ही वाक्यं ते विसरून गेले.

लांब टेबलाभोवती बारा खुर्च्या मांडलेल्या. एका टोकाला पोस्टमास्तर उभे, कोट घालून, वही उघडून. दुसऱ्या टोकाला भूमितीच्या बाई, ऐंशीच्या पुढच्या, चाकाच्या खुर्चीत. ती खुर्ची अलीकडच्या क्लबानेच दिलेली. तिची निळी बैठक काकूंनी शिवली होती. तिसरं कोणी नव्हतं. पोस्टमास्तरांनी चमच्याने ग्लास वाजवला आणि मोठ्याने, दहा माणसांना ऐकू जाईल अशा आवाजात वाचू लागले.

"मागील सभेचा वृत्तांत. हजर सभासद दोन. चष्मे तपासले एकतीस, वाटले एकोणीस. घंटी पाहुणी गेली आहे. ती आणायला जाण्याचा विषय पुढील सभेवर ठेवण्यात आला. सर्वानुमते."

"सर्वानुमते," भूमितीच्या बाई म्हणाल्या.

काकांनी दार ढकललं. पोस्टमास्तरांनी चष्म्यावरून बघितलं, वही मिटली आणि म्हणाले, "ये चोरा. खुर्च्या जास्तच आहेत."

काकांच्या डोळ्यात पाणी आलं. ते लपवायला ते जवळची खुर्ची ओढून बसले आणि समोरच्या खोक्यातला एक चष्मा उचलून पुसू लागले. "मला वाटलं, माझ्या त्या बोलण्याचा राग आलाय तुला."

"राग कसला? खरं होतं ते. म्हणून तर हसायला वेळ लागला." पोस्टमास्तर समोर बसले. "त्या दिवशी टेबलावर आमचे आठ जण होते ना? त्यातले चार उसने. तो लाल टाय घातलेला, जो तुला क्लबाच्या कार्याबद्दल ऐकवत होता, तो माझा मेहुणा. त्याला मी त्याच्या घरून बसमध्ये पढवत आणला होता."

"फार बोलला तो," भूमितीच्या बाई म्हणाल्या.

"आणि खरे चार?"

"खऱ्या चारांतला एक मुलीकडे राहायला गेला. आणि आमचे चांभारकाका... तुला कळवलं नाही मी. सहा महिने झाले." पोस्टमास्तरांनी वहीवरून हात फिरवला. "माणूस वहीत लिहून टाकतो, पण सांगायला तोंड होत नाही."

चांभारकाका म्हणजे घंटी न्यायला आले की जाताना बेकरीवाल्यांचा पाव बांधून घेणारे आणि बसमध्ये खाणारे. काकांना ते भांड्यांच्या ढिगासमोर बाह्या सरसावताना दिसले. हातातला चष्मा केव्हाच स्वच्छ झाला होता, तरी ते तो पुसतच राहिले.

"अरे, मला सांगायचं ना! इतके फोन केले मी."

"सांगितलं असतं तर काय केलं असतंस? दया येऊन घंटी आणून दिली असतीस." पोस्टमास्तरांचा आवाज शांत होता. "हे बघ, घंटी तुमच्याकडे आहे तोवर आम्हाला यायचं आहे. नदीपलीकडे कोणीतरी आमची वाट बघतंय, असं मला दर गुरुवारी वाटतं. ती परत आली की संपलं. मग आम्ही म्हणजे एका खोलीत चष्मे पुसणारी दोन म्हातारी माणसं."

मग त्यांनी खिशातून एक पत्र काढलं. सगळ्या सेवा क्लबांच्या मुख्य कार्यालयाचं. ज्या क्लबात चारपेक्षा कमी सभासद असतील तो महिनाअखेर बंद करण्यात येईल. खोली वाचनालयाला परत, चष्म्यांची खोकी गोदामात. महिना संपायला सोळा दिवस होते.

"मेहुण्याला घे की सभासद करून."

"विचारलं. म्हणाला, एकदा जेवायला येईन, दर गुरुवारी नाही. शेजाऱ्यांना विचारलं, पुढे वाचनालयात विचारलं. सगळे म्हणतात, काम चांगलं आहे." पोस्टमास्तर हसले. "जेवणाला उसनी माणसं चालतात रे, घंटीला नाही. घंटीच्या वहीत सही करावी लागते. तिथे मी कधी खोटं लिहिलं नाही."

घरी येऊन काकांनी सगळं काकूंना सांगितलं. जेवण झालं तरी ते ताटावरच बसून होते. काकूंना माणूस कळत होता. त्यांनी ताट उचललं नाही.

"एका माणसाला एकच क्लब," काका म्हणाले. "दोन्हीकडे नाव ठेवता येत नाही."

"म्हणजे इथला सोडावा लागेल."

"हो."

एकेचाळीस वर्षं दर मंगळवारी ते त्या हॉलमध्ये गेले होते. हॉलमधले सगळे नळ त्यांनीच बसवलेले. भिंतीवर खुंट्यांची रांग होती, दर खुंटीला एकेका सभासदाचा कप. काकांचा हिरवा, कान थोडा उडालेला. डाव्या हाताला बेकरीवाले, ज्यांच्याशी दर मंगळवारी कशावरून तरी भांडण व्हायचं आणि दर मंगळवारी मिटायचं. हे सगळं सोडायचं म्हणजे त्यांच्या अगदी जिवावर आलं होतं. पण काचेतून दिसलेल्या त्या बारा खुर्च्याही डोळ्यांपुढून हलत नव्हत्या.

"मी गेलो तरी तीनच होतात," ते म्हणाले. "चौथा कुठून आणू? माझ्या लोकांना कोणत्या तोंडाने सांगू की तुम्हीही सोडा? मी सोडतोय ते माझ्या मित्रासाठी. त्यांनी का सोडावं?"

काकूंनी आता ताट उचललं. मोरीपाशी जाऊन नळ सोडला, बंद केला. पाठमोऱ्याच म्हणाल्या, "कपाटाच्या खालच्या कप्प्यात फॉर्म आहेत. चाळीस तरी असतील. एखादा बरा असला तर बघा."

काका बघतच राहिले. "तू?"

"का? मला चष्मा पुसता येत नाही?"

"एकेचाळीस वर्षं मी तुला..."

"तुमच्या क्लबात यायला नको म्हणत होते. हा तुमचा कुठे आहे?" मग जरा थांबून म्हणाल्या, "त्या बाई माझ्या शिवलेल्या बैठकीवर एकट्या बसतात म्हणालात ना. ते काही मला बरं वाटलं नाही." आणि मग नेहमीच्या सुरात, "पण घंटी न्यायला जाऊ तेव्हा भांडी कोणी घासायची?"

"पाहुण्यांनी."

"म्हणजे या घरात इतकी वर्षं मी पाहुणीच म्हणायची."

फॉर्म सापडला. वरच्या कोपऱ्यात बरणीच्या बुडाचा गोल डाग होता. त्यावर अलीकडच्या क्लबाचं नाव छापलेलं, ते खोडून काकांनी पलीकडच्याचं लिहिलं.

राजीनामा त्यांनी डॉक्टरबाईंच्या दवाखान्यात नेऊन दिला, कारण मंगळवारी सगळ्यांसमोर द्यायचं धाडस होईना. बाईंनी तो उभ्यानेच वाचला. कारणाच्या जागी काकांनी लिहिलं होतं, 'शेजारी माणसं कमी आहेत.'

"काका, हे माझ्या त्या कुरिअरमुळे नाही ना?"

"छे हो. उलट तुम्ही बोललात म्हणून मी गेलो. नाहीतर रुसून बसलो होतो." काका निघाले, मग दारात थांबले. "बेकरीवाल्यांना तुम्ही सांगा. मी सांगितलं तर ते पाव फेकून मारतील, आणि त्यांचा कालचा पाव लागतो हो."

बाई हसल्या आणि हसताहसता त्यांनी हनुवटीखालचा मास्क वर ओढून घेतला.

महिना संपायला पाच दिवस असताना, संध्याकाळी सहा वाजता, अलीकडच्या हॉलच्या दारावर टकटक झाली. दाराबाहेर पोस्टमास्तर, चाकाच्या खुर्चीत भूमितीच्या बाई, खुर्चीमागे काकू, आणि सगळ्यात मागे काका. ज्या दाराची किल्ली एकेचाळीस वर्षं त्यांच्या खिशात होती त्या दाराबाहेर ते टोपी हातात घेऊन उभे होते.

आतून बेकरीवाल्यांचा आवाज आला. "कोण आहे?"

"ज्यांचं काही हरवलंय ते," पोस्टमास्तर म्हणाले. असंच म्हणायचं असतं.

"किती जण?"

पोस्टमास्तरांनी उत्तर द्यायला तोंड उघडलं. नऊ महिने हा प्रश्न त्यांनी टाळला होता. त्यांनी मागे वळून एकेकाकडे बघितलं, जणू मोजताना चूक नको व्हायला.

"चार," भूमितीच्या बाई खणखणीत म्हणाल्या. "दार उघडा, वारा लागतोय."

जेवण झकास होतं. बेकरीवाल्यांनी त्या दिवशीचा ताजा पाव केला होता आणि काकांच्या ताटात दोनदा वाढला, पण एकदाही नजर वर केली नाही. काकांना पाहुण्यांच्या बाजूला बसवलं होतं, खिडकीकडे पाठ करून. या बाजूने हॉल त्यांनी कधी बघितलाच नव्हता. जेवणानंतर चहा आला. यजमानांनी आपापले कप खुंटीवरून काढले. पाहुण्यांना पाहुण्यांचे कप, पांढरे, सगळे सारखे. रीतच तशी होती, कोणाचं काही चुकलं नव्हतं. काकांनी पांढरा कप हातात घेतला आणि त्यांची नजर भिंतीकडे गेली. हिरवा कप आपल्या खुंटीवर होता. कोणीतरी तो स्वच्छ पुसलेला दिसत होता. काकांनी चटकन चहाचा घोट घेतला आणि जीभ पोळून घेतली. काकूंनी ते बघितलं.

मग भांडी. काकांनी कोट काढून खुर्चीवर टाकला आणि बाह्या वर केल्या. ते घासत होते, बेकरीवाले शेजारी उभे राहून पुसत होते.

"तो डावीकडचा नळ ठिबकायला लागलाय," बेकरीवाले म्हणाले.

"कधीपासून?"

"तुम्ही गेल्यापासून."

"वायसर गेला असेल. बदलून देतो."

"नको. पाहुण्यांना काम सांगत नाही आम्ही." बेकरीवाल्यांनी एकच ताट तिसऱ्यांदा पुसलं. "मंगळवारी आता भांडायचं कोणाशी, तेवढं सांगून जा."

काकांनी ओल्या हाताने बेकरीवाल्यांचा दंड धरला. शर्टवर पाची बोटं उमटली. दोघंही तिथे नको तितका वेळ उभे राहिले.

सगळे टेबलाशी परत बसल्यावर डॉक्टरबाई उठल्या. काकांनी राजीनाम्याबरोबर सोपवलेली पलीकडच्यांची घंटी समोर ठेवली होती. त्यांनी रीतीप्रमाणे विचारलं, "चोर कोण?"

यजमानांच्या बाजूला कोणीही हललं नाही. सगळे समोर बघत होते. काकांना एकदम उमगलं, आणि ते पाहुण्यांच्या बाजूने उभे राहिले. "मी," ते म्हणाले. टेबलाला वळसा घालून पलीकडे गेले, घंटी उचलली, लोलकावरची पांढरी टेप सोडवली आणि पुन्हा वळसा घालून आपल्याच बाजूला आले.

"चोर आमचाच निघाला," पोस्टमास्तर म्हणाले. हॉलभर हशा पिकला आणि त्यात पोस्टमास्तरांनी चष्मा काढून डोळे पुसले ते कोणाला फारसं दिसलं नाही. घंटी भूमितीच्या बाईंच्या हातात आली. त्यांनी ती अशी वाजवली की बाहेर रस्त्यावरचा कुत्रा भुंकला. वहीत चार सह्या झाल्या. पोस्टमास्तरांनी त्यांच्याखाली रेघ ओढली, मग त्या चार ओळींवरून एकदा बोट फिरवलं.

निघताना दारात कोटांची, टोप्यांची, निरोपांची एकच गर्दी झाली. काकू तेवढ्यात पिशवी विसरले म्हणून आत जाऊन आल्या.

बस पुलावर आली तेव्हा नदीवर अजून थोडा उजेड होता. पुढच्या बाजूला भूमितीच्या बाईंची खुर्ची, त्यांच्या मांडीवर घंटी, शेजारी पोस्टमास्तर. बस खड्ड्यात गेली की घंटी किणकिणे आणि ड्रायव्हर आरशातून बघे. पोस्टमास्तर बाईंना सांगत होते की चार सभासद झाल्याचं पत्र ते उद्याच मुख्य कार्यालयाला टाकणार, रजिस्टर करून. काका मागच्या बाकावर काकूंच्या शेजारी बसले होते. मित्र मिळाला होता, क्लब वाचला होता, आणि तरी पूल ओलांडताना छातीत काहीतरी रिकामं रिकामं वाटत होतं. ते त्यांनी काकूंपासून लपवलं नाही, लपलंही नसतं.

"वाईट वाटतंय?" काकूंनी विचारलं.

"वाटतंय गं. होईल सवय."

काकूंनी पिशवीत हात घातला आणि त्यांच्या तळव्यावर काहीतरी गोल ठेवलं. "ही घ्या तुमची."

पांढऱ्या टेपचं रीळ होतं. काकांनी कोटाचा खिसा चाचपला. खिसा रिकामा होता. "ही तुझ्याकडे कशी?"

"भांडी घासत होतात तेव्हा कोट खुर्चीवरच होता." काकू खिडकीबाहेर बघत होत्या. "चार वेढे पुरत नाहीत हो. मला सात लागले."

काकांनी त्यांच्या मांडीवरच्या पिशवीकडे बघितलं. पिशवी भरलेली होती, आणि एवढे खड्डे लागूनही गप्प होती. घंटी न्यायला आलेल्यांनीच यजमानांची घंटी चोरू नये, असं कुठल्याच नियमात नव्हतं. साठ वर्षांत कोणाला सुचलं नव्हतं, एवढंच.

"अगं..." काका म्हणाले. "अगं, पण का?"

"म्हणजे काय? आता त्यांना यावं लागेल ना. चौघांना." काकूंनी पिशवी जवळ ओढून घेतली. "बेकरीवाल्यांना फोन करून सांगा, येताना तुमचा हिरवा कप घेऊन या म्हणावं."